धूमकेतूची जागा बरोबर होती, प्रत मात्र अंदाजाची

केज तालुक्यातल्या एका शेतकरी तरुणाने विचारलं आहे: "२०२५ च्या दिवाळीत लेमन धूमकेतू चौथ्या प्रतीचा आहे असं ॲप दाखवत होतं. चौथ्या प्रतीचे तारे मला शेतातून नुसत्या डोळ्यांनी सहज दिसतात. भाऊबीजेला आणि दुसऱ्या दिवशी अर्धा-अर्धा तास पाहिलं, पण काहीच दिसलं नाही. जागा चुकली होती का आकडा चुकला? आणि ही जागा, कक्षा, तेज हे सगळं काढतात कसं? माझ्याकडे १० × ५० ची दुर्बीण आहे. मला यातलं काही करता येईल का?"

भाऊ, करता येईल. पण आधी दिवाळीचं बघू. (प्रत म्हणजे तेजाचा आकडा. तो जितका लहान, तितकं तेज जास्त.)

ॲपमधली जागा जवळजवळ नक्कीच बरोबर होती. एकच शंका येते. बरीच ॲप्स धूमकेतूचे कक्षेचे आकडे एकदा उतरवून घेतात आणि महिनोन् महिने तेच वापरतात. लेमन तेव्हा पृथ्वीच्या जवळ होता. २१ ऑक्टोबरला तो सगळ्यात जवळ, ०.६० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) आला होता आणि रोज काही अंश सरकत होता. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, त्यावरून ही चाल किती ते ध्यानात येईल. म्हणून ॲप उघडलं की आधी धूमकेतूंची माहिती ताजी करून घ्यायची. स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या ॲपमध्ये मायनर प्लॅनेट सेंटरकडून, म्हणजे लघुग्रह-धूमकेतूंच्या नोंदी ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडून, नवे आकडे आणायची सोय आहे.

आकडाही तसा खोटा नव्हता. जगभरातून त्या दिवसांत चौथ्या प्रतीच्या आसपासचीच निरीक्षणं येत होती. अडचण अशी की ताऱ्याची चौथी प्रत आणि धूमकेतूची चौथी प्रत डोळ्याला सारखी दिसत नाही. ताऱ्याचा सगळा प्रकाश एका टिंबात असतो. धूमकेतूचा तेवढाच प्रकाश त्याच्या भोवतालच्या धुरकट गोळ्यावर, म्हणजे शिखेवर पसरलेला असतो. वाटीभर पीठ वाटीत पांढरंशुभ्र दिसतं, तेच अख्ख्या पाटावर भुरभुरलं तर खालचं लाकूड दिसायला लागतं, तसं हे आहे. त्यात तो सातच्या सुमाराला पश्चिमेच्या थोडं उत्तरेला क्षितिजापासून पंधरा अंशांच्या आसपास होता. हात लांब करून मूठ धरली तर जेमतेम दीड मूठ. एवढ्या खाली हवेचा थर डोक्यावरच्या जवळपास चौपट होतो आणि स्वच्छ हवेतसुद्धा अर्ध्या-पाऊण प्रतीचं तेज जातं. आता आपल्याकडचा ऑक्टोबर डोळ्यांसमोर आणा. सोयाबीनच्या मळणीचा भुसा, रस्त्यांची धूळ, वर फटाक्यांचा धूर. तुमचा धूमकेतू त्या थरात बुडाला होता. त्याच आठवड्यात मी अंबाजोगाईजवळ बालाघाटच्या माथ्यावरून पाहिला, तेव्हाही नुसत्या डोळ्यांना तो दिसला नाही. दुर्बिणीत मात्र बारीक शेपटीसकट दिसला.

आता मूळ प्रश्न. यात दोन वेगळी कामं आहेत. ती एक समजली की गोंधळ होतो. धूमकेतू कुठे असेल हे गणित सांगतं, आणि ते गणित विश्वासाचं आहे. धूमकेतू किती तेजस्वी असेल याचा मात्र अंदाजच असतो, आणि तो सुधारायला माणसाने रात्री बाहेर जाऊन बघावंच लागतं. तुमच्यासारख्याची गरज आहे ती या दुसऱ्या कामात.

कक्षेचं थोडक्यात सांगतो. आकाशातली कुठलीही जागा दोन आकड्यांनी सांगता येते. एक विषुवांश, दुसरा क्रांती. जमिनीवर रेखांश-अक्षांश असतात तसेच हे. कक्षा पक्की करायला सहा आकडे लागतात: सूर्याच्या सगळ्यात जवळ तो कधी येणार, तेव्हा किती अंतरावर असणार, कक्षा किती लांबट आहे, पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला ती किती कललेली आहे, त्या पातळीला कुठे छेदते, आणि त्या छेदापासून उपसूर्यबिंदू, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात जवळची जागा, किती अंशांवर आहे. तीन वेगवेगळ्या रात्रींची निरीक्षणं घेतली की तीन दुणे सहा आकडे मिळतात. सहा माहीत, सहा काढायचे. १८०१ मध्ये सेरेस हरवला होता, तेव्हा गाऊसने साधारण याच वाटेने तो पुन्हा शोधून दिला.

कागदावर हे सोपं वाटतं, पण तीन निरीक्षणं आठवड्याभरातली असली तर उत्तर डळमळीत येतं. शेताच्या कडेला नांगराच्या तासाचा हातभर तुकडा दिसला, तर तास पुढे सरळ जातो की वळतो हे सांगता येत नाही. तासाचा निम्मा भाग दिसला तर सांगता येतं. म्हणून नवा धूमकेतू सापडला की सुरुवातीला पुष्कळदा कक्षा पॅराबोला, म्हणजे परत न वळणारी उघडी वाट धरतात. तिची विकेंद्रता, म्हणजे लांबटपणाचा आकडा, १ असते. निरीक्षणांचा कंस लांबत गेला की खरा आकडा वर येतो. २०१९ मध्ये बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकाने शोधलेल्या धूमकेतूची विकेंद्रता ३ च्या वर निघाली. म्हणजे तो सूर्याच्या घरचा नव्हताच, बाहेरून आलेला पाहुणा होता. जुलै २०२५ मध्ये सापडलेल्या तिसऱ्या आंतरतारकीय पाहुण्याची, थ्रीआय/ॲटलासची, विकेंद्रता ६ च्या आसपास आली.

एकदा काढलेली कक्षा कायमची नसते. गुरू-शनी तिला ओढतात. शिवाय धूमकेतूच्या केंद्रकातून, म्हणजे आतल्या घन गाभ्यातून, वायूचे झोत निघतात आणि ते त्याला हळूहळू ढकलतात. एन्केचा धूमकेतू ३.३ वर्षांनी फेरी मारतो, पण एकोणिसाव्या शतकात तो दर फेरीला गणितापेक्षा दोन-अडीच तास लवकर येत होता. त्याचं कारण १९५० मध्ये व्हिपलने मांडलेल्या बर्फ-धुळीच्या गोळ्याच्या कल्पनेतून उलगडलं. बर्फ तापतो, वायू एका अंगाने जास्त निघतो आणि गोळ्याला धक्का बसतो. म्हणून कक्षेच्या तक्त्याबरोबर ती कुठल्या तारखेची आहे हे नेहमी लिहिलेलं असतं.

कॅमेरा असला तर त्याने यात भर घालता येईल का? खरं सांगतो, कॅमेऱ्याच्या ५० मिलिमीटरच्या भिंगाने काढलेल्या फोटोत एक पिक्सेल साधारण १८ विकलांचा असतो (अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला). मायनर प्लॅनेट सेंटरला एका विकलेच्या आसपासची अचूकता लागते, आणि तिथे निरीक्षणं पाठवायची तर आधी आपल्या जागेला वेधशाळा-क्रमांक मिळवावा लागतो. त्यासाठी दुर्बीण, कॅमेरा आणि ॲस्ट्रोमेट्रिकासारखं सॉफ्टवेअर हवं. घड्याळही सेकंदाला पक्कं हवं. दिवसाला ३ अंश सरकणारा धूमकेतू मिनिटाला साडेसात विकला जातो. घड्याळ आठ सेकंद चुकलं की मोजमाप एका विकलेने चुकलंच. शिकण्यासाठी मात्र तीन रात्री फोटो काढा, तारे ओळखून जागा मोजा आणि ॲपशी ताडून बघा. एवढं केलं की कक्षेचे ते सहा आकडे डोक्यात पक्के बसतात.

आता तेजाकडे येतो.

प्रतीचं नेहमीचं सूत्र असं: दिसणारी प्रत म्हणजे धूमकेतूची मूळ प्रत, अधिक ५ गुणिले पृथ्वीपासूनच्या अंतराचा लॉग, अधिक क गुणिले सूर्यापासूनच्या अंतराचा लॉग. अंतरं खगोलीय एककांत. पृथ्वीपासूनचं अंतर गणिताने मिळतं, सूर्यापासूनचंही मिळतं. सगळी मेख त्या 'क' मध्ये आहे. सूर्य जवळ आला की हा धूमकेतू किती भडकतो, ते 'क' सांगतो. दगड असता तर ५ पुरला असता, कारण दगड फक्त प्रकाश परतवतो. धूमकेतू तापतो, वायू-धूळ सोडतो, त्यामुळे क बहुधा १० च्या आसपास धरतात. पण हे धरलेलं असतं, मोजलेलं नसतं.

हिशेब करून बघा. समजा एक धूमकेतू सूर्यापासून ४ आणि पृथ्वीपासून ३.५ एककांवर असताना १६ व्या प्रतीचा सापडला. पुढे तो सूर्यापासून ०.५ आणि पृथ्वीपासून ०.६ एककांवर येणार आहे. क १० धरला तर तेव्हाची प्रत ३.१ येते, म्हणजे गावातूनही दिसायला हरकत नाही. क ८ धरला तर ४.९ येते, म्हणजे दुर्बीण काढा. क १५ धरला तर उणे १.४ येते, म्हणजे व्याधाच्या तोडीचा! सापडल्या दिवसाचं निरीक्षण तेच, कक्षा तीच, आणि तेजात तीनशे पटींहून जास्त फरक. वर्तमानपत्रात 'शतकातला धूमकेतू' असा मथळा आला की मी आधी विचारतो, हा क कुणी आणि कशावरून धरला? आयसॉन धूमकेतूच्या वेळी असाच गाजावाजा झाला होता. २८ नोव्हेंबर २०१३ ला तो सूर्याजवळून गेला आणि विरून गेला. डिसेंबरच्या पहाटे बघायची वाट धरलेले आम्ही सगळे तसेच राहिलो.

सूत्रात नसलेल्या गोष्टीही असतात. ऑक्टोबर २०२४ चा त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू ९ तारखेच्या आसपास पृथ्वी आणि सूर्य यांच्या जवळजवळ मध्ये आला होता. तेव्हा त्याची धूळ मागून उजळली. कवडशात धुळीचे कण चमकतात ना, तसं. काही दिवसांसाठी तो सूत्राने सांगितलेल्यापेक्षा कितीतरी तेजस्वी झाला.

पण जागा आणि तेज यांतला फरक मला खऱ्या अर्थाने कळला तो कोजागरीला. २५ ऑक्टोबर २००७. माळवदावर दूध आटत होतं, चंद्र इतका लखलखीत की बारीक तारे पुसून गेले होते. मोबाईलवर निरोप आला होता, "ययाती बघ." ईशान्येला ययाती हा तारकासमूह वर आला होता आणि त्यात एक तारा जास्तीचा होता. पिवळसर, साधारण अडीच-पावणेतीन प्रतीचा, भरचंद्रात नुसत्या डोळ्यांनी ठसठशीत. तो होम्सचा धूमकेतू होता. दोन दिवसांपूर्वी तो १७ व्या प्रतीच्या आसपास होता, मोठ्या दुर्बिणीचं काम. दोन दिवसांच्या आत तो जवळपास पाच लाख पटींनी उजळला. कशामुळे? सूर्याजवळ आला म्हणून नव्हे. तो सूर्याला भेटून पाच महिने झाले होते आणि परत दूर चालला होता. आतून धुळीचा उद्रेक झाला. आणि जागा? तक्त्यात होती तिथेच. आईला दाखवलं तर तिने विचारलं, "हा आधी कसा दिसला नाही मग?" त्या रात्री मी तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत मोजायची वही घातली.

ती मोजायची कशी ते आता सावकाश सांगतो, कारण तुमच्या दुर्बिणीने हेच करायचं आहे.

आधी दुर्बीण टेकवा. हातात धरली तर थरथरते आणि मंद कडा दिसतच नाही. बांधावरच्या मेढीला, ट्रॅक्टरच्या बॉनेटला, कशालाही. वीस मिनिटं मोबाईल बघायचा नाही. धूमकेतू सापडला की नजर थेट त्याच्यावर न रोखता जरा बाजूला ठेवा, म्हणजे शिखेची खरी रुंदी दिसते. आता त्याच्याच उंचीवरचे दोन तारे निवडा, एक त्याच्यापेक्षा थोडा तेजस्वी, एक थोडा मंद. लालसर तारे टाळा, डोळा त्यांना फसतो. ताऱ्यांच्या प्रती स्टेलेरियममध्ये मिळतील.

मग अशी युक्ती करायची. धूमकेतू नीट फोकसमध्ये पाहून त्याचा सरासरी उजळपणा मनात धरा. दुर्बीण ताऱ्याकडे वळवा आणि फोकसचं चाक फिरवून तारा इतका फुगवा की तो धूमकेतूच्या शिखेएवढा गोल दिसेल. आता तुलना करा, हा गोल उजळ की तो? याला सिजविकची पद्धत म्हणतात आणि पसरट धूमकेतूला ती चालते. मधोमध घट्ट ठिपका असलेल्या धूमकेतूसाठी बोब्रोव्निकॉफची पद्धत बरी, तिच्यात धूमकेतू आणि तारा दोघांनाही सारखंच फोकसबाहेर काढायचं. समजा तेजस्वी तारा ५.८ प्रतीचा आणि मंद तारा ६.६ चा. दोघांमधल्या अंतराचे मनात दहा भाग करा. धूमकेतू तेजस्वी ताऱ्यापासून तीन भाग खाली वाटला तर ०.८ चे तीन दशांश म्हणजे ०.२, प्रत ६.०. इतकंच. पहिल्या दहा-बारा वेळा उत्तर अर्ध्या प्रतीने इकडेतिकडे होईल, त्याने खचू नका.

शिखेचा व्यास लिहायचा असतो, आणि त्यासाठी आपल्याकडे उत्तम माप आहे. सप्तर्षीतल्या वसिष्ठ आणि अरुंधती यांत साधारण १२ कलांचं अंतर आहे. दुर्बिणीत ती जोडी बघून घ्या आणि शिखा त्याच्या किती पट आहे ते ठरवा. लग्नात नवरा-नवरीला अरुंधती दाखवतात, तिचा हाही एक उपयोग. मग मध्यभाग किती घट्ट आहे ते ० ते ९ मध्ये: ० म्हणजे नुसता सारखा धूर, ९ म्हणजे ताऱ्यासारखं टिंब. शेपूट दिसली तर तिची लांबी आणि दिशा.

वेळेचं एक पक्कं ध्यानात ठेवा. नोंदी जागतिक वेळेत जातात आणि ती आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून मिळते. संध्याकाळी ७:१० म्हणजे १३:४०, दिवसाच्या दशांशात ०.५७, २५ तारीख असेल तर २५.५७ लिहायचं. पहाटेला फसगत होते. १३ तारखेच्या पहाटे ५:१५ ला पाहिलेला धूमकेतू जागतिक वेळेत १२ तारखेच्या २३:४५ चा असतो. मी सुरुवातीला दोन महिने पहाटेच्या सगळ्या नोंदी एक दिवस पुढच्या लिहिल्या होत्या. त्या परत काढून दुरुस्त केल्या, पण ती वही अजून बघवत नाही.

हे सगळं पाठवायचं कुठे? स्लोव्हेनियातल्या चर्नी व्र्ह वेधशाळेचे लोक कोब्स नावाची धूमकेतू-निरीक्षणांची नोंदवही चालवतात. तिथे कुणालाही खातं उघडता येतं. तारीख, प्रत, पद्धत, दुर्बिणीचा व्यास, शिखेचा व्यास, घट्टपणा एवढं भरायचं. जगभरातल्या अशा नोंदींचा आलेख निघतो आणि मग तो 'क' अंदाजाने धरायची गरज उरत नाही, आलेखाच्या उतारावरून मोजता येतो. दुर्बीण लहान आहे म्हणून संकोच करू नका. मोठ्या दुर्बिणीत शिखेची मंद कड हरवते आणि प्रत कमी तेजाची येते. म्हणून धूमकेतू ज्या लहानात लहान साधनातून आरामात दिसतो, त्यानेच मोजावं असा दंडक आहे. चार ते आठ प्रतीच्या धूमकेतूला तुमची १० × ५० नेमकी योग्य आहे.

आणि आपली जागा चांगली आहे, हे मनापासून सांगतो. पुण्या-मुंबईच्या मित्रांना सहाव्या प्रतीसाठी शंभर किलोमीटर गाडी हाकावी लागते. आपल्याला आखाड्यावर पाणी द्यायला जायचंच असतं. थ्री-फेज लाईट रात्रीची असली की मोटर चालू करून बांधावर बसायचं आणि बघायचं. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून जी रडकथा आपण सांगतो, तिचा इथे फायदा होतो. जुलै २०२० मध्ये निओवाइज धूमकेतू ऐन पावसाळ्यात संध्याकाळी वायव्येला आला, तेव्हा कोकणातल्यांना आकाशच मिळालं नाही. मला चौथ्या संध्याकाळी ढगांच्या फटीत पंधरा मिनिटं मिळाली, दोन नोंदी झाल्या. एप्रिल-मे मात्र धुळीमुळे वाईट. तेव्हा क्षितिजाजवळचं काही मोजू नका. मोजलंच तर हवेची नोंद शेजारी लिहा.

आणखी एक. नुसतं ॲप बघून "६ प्रत" असं वहीत उतरवायचं नाही, आणि बघण्याआधी कोब्सवरचे दुसऱ्यांचे आकडेही उघडायचे नाहीत. मन तिकडे ओढलं जातं. माझी आजी धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणायची. १९९७ च्या मार्चमध्ये हेल-बॉप माळवदावरून तिला दाखवला, तर ती डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "शेंडा दोन बोटं आहे, कालच्यापेक्षा वाढलाय." तिने तक्ता पाहिला नव्हता. तिची ती "दोन बोटं" मी आजही वहीच्या पहिल्या पानावर ठेवली आहेत, कारण निरीक्षण म्हणून त्यात काही कमी नाही.

सध्या चांगला धूमकेतू नसेल तर वाट बघत बसू नका. ताऱ्यांचे गोलाकार गुच्छ दुर्बिणीत हुबेहूब धूमकेतूसारखेच धुरकट दिसतात. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या संध्याकाळी महाश्व (पेगासस) या तारकासमूहातल्या घोड्याच्या नाकाजवळ एम १५ नावाचा गुच्छ आहे. त्यावर पाच रात्री वर सांगितल्याप्रमाणे प्रत काढा. त्याची खरी प्रत मी इथे मुद्दाम लिहीत नाही. आधी तुमचे पाचही आकडे वहीत उतरवा, तारखेसकट, मग सूची उघडा, आणि फरक किती आला ते मला कळवा.